पेल्याच्या तळाशी

आजही तळाशी काहीतरी बसलं होतं. गौतमीनं पेला उजेडात तिरका धरला. दूध एका बाजूला सरकलं आणि खाली तपकिरी गाळ दिसला. कालच्यापेक्षा जरा जाडच.

"पिऊन टाक. गार झालं की गोड लागत न्हाई," सासू दारातून म्हणाली.

"आत्या, ह्यात काय असतं?"

"गुणाचं हाय. इचारत बसू नगं." सारजाबाई वळल्या. त्यांनी नजरेला नजर दिली नाही. पेला देताना कधीच देत नसत.

गौतमीला दिवस जाऊन तिसरा महिना लागल्यापासून हे चाललं होतं. नवऱ्याला, सुमितला, घेऊन रांजणगावची कंपनीची बस गेली, की पेला यायचा. पुडी ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. दर पंधरा दिवसांनी सारजाबाई न्हावऱ्याहून एसटीनं दौंडला जायच्या. बहिणीकडं, असं म्हणायच्या. येताना पदराच्या गाठीला नवी पुडी असायची.

दौंडकडं एक वैदू मुलगा होण्याचं औषध देतो, हे शेजारच्या गिताबाईनं सांगितलं होतं. "दुधातनं देत्यात. बाईला कळू द्यायचं नसतं, कळलं की गुण जातो म्हणं." आणि गौतमीची पहिली मुलगीच होती. प्रज्ञा. तीन वर्षांची, पण अजून दीड वर्षाच्या पोरीचा फ्रॉक तिला सैल व्हायचा. महिन्यातून एकदा सर्दी, एकदा जुलाब.

बी.एस्सी.ला गौतमीचा विषय प्राणिशास्त्र होता. मुलगा की मुलगी हे कधी ठरतं, ते ती झोपेतही सांगू शकली असती. तिसऱ्या महिन्यात कसलंही औषध दिलं तरी त्यात बदल होत नाही. बिघाड मात्र होतो. असल्या पुड्यांनी काय काय होतं, ते तिनं पेपरात वाचलं होतं आणि ते पान जपून ठेवलं होतं.

सुमितला तिनं सांगून पाहिलं. तो बूट घालता घालता हसला. "तू सीआयडीत भरती हो. माझी आई तुला इख घालती व्हय?"

मग तिनं सांगणं सोडलं. पेला मोरीत ओतावा तर मोरी चुलीसमोरच. म्हणून ती पेला हातात घेऊन मागच्या दारी जायची. तिथं शेळी बांधलेली असायची. तीही नुकतीच गाभण राहिलेली. गौतमी घमेल्यात पेला रिकामा करायची आणि शेळी घमेलं चाटून लख्ख करायची. पहिले आठ दिवस गौतमीनं तिच्यावर पाळत ठेवली. डोळे, लेंड्या, रवंथ, सगळं बघितलं. शेळीला काहीच झालं नाही. उलट अंगावर तकाकी आली. तरी गौतमीचा संशय हलला नाही. शेळीला पचलं ते पोटातल्या बाळाला पचेल कशावरून?

गौतमीचा सातवा सरत आला, तेव्हा शेळी व्याली. सकाळी, उन्हं अंगणात आली तेव्हा. दोन करडं. गौतमीनं आधी त्यांना उलटं करून पाहिलं. दोन्ही माद्या. तिला हसू फुटलं. मग ते विरलं. करडं चांगली दणकट होती. प्रज्ञा त्यातल्या एकाला उचलू बघत होती, आणि तिला ते उचलत नव्हतं.

आळीत लशी द्यायला जनावरांचे डॉक्टर आले होते. ते कुडापाशी थांबून सारजाबाईंना म्हणाले, "मावशी, मागच्या वेताला मुठीएवढाली करडं होती ना? एक तर गेलंच. बोकड बदलला का?"

"न्हाई ओ. हौसरावाचाच की त्यो."

"शेळी तीच, बोकड तोच. मग चारलं काय?"

"काय न्हाई. रोजचाच पाला."

"नुसत्या पाल्यावर? माझी थट्टा करता व्हय?"

गौतमीला राहवलं नाही. "पण डॉक्टर, जनुकं तर गर्भ राहतानाच ठरतात ना?"

"ठरतात. पण त्यातली कुठली जागी राहणार आणि कुठली झोपून जाणार, ते आईच्या खाण्यावर पण अवलंबून असतं, असं आता दिसायला लागलंय. गाभणपणी आईची आबाळ झाली, की पिल्लू जन्मभर मागं राहू शकतं. कधी कधी त्या पिल्लाची पिल्लंसुद्धा." त्यांनी करडाची पाठ थोपटली. "हिला कुणीतरी मनापासून पोसलंय."

डॉक्टर पुढच्या घराकडं गेले. सारजाबाई घमेल्याकडं बघत राहिल्या. आतल्या कडेला तपकिरी वळं सुकलं होतं. त्यांनी ते नखानं खरवडलं, जिभेवर ठेवलं. मग मान वर करून गौतमीकडं बघितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच, सरळ डोळ्यांत. आणि आत गेल्या.

ट्रंकेची कडी वाजली.

त्या बाहेर आल्या तेव्हा एका हातात पेला होता, दुसऱ्या हातात उघडी पुडी. पुडी त्यांनी गौतमीच्या नाकापाशी धरली. "खारीक हाय. नाचणी. बदाम. माझी बहीण तानुबाई अंगणवाडीत हाय दौंडला, ती दळून देती." त्यांचा आवाज खाली गेला. "प्रज्ञाच्या टायमाला, पोर लई वाढंल, बाळंतपणात तू अडशील, म्हणून तुझ्या ताटातली भाकर मीच काढायची. पोरगी ही अशी झाली. आता खा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू तुला?"

गौतमीचा हात पोटावर गेला. करडं शेळीच्या कासेला ढुसण्या देत होती.

सारजाबाईंनी पेला पुढं केला.

"शेळी व्याली आता. ह्यो तरी तू पी."