हळदीचं जातं

यंत्र पाण्यात उतरलं आणि लताबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे सरकली.

कळशीएवढं पिवळं यंत्र, पुढे दिवा नि कॅमेरा, मागे काळी वायर. धुळ्याहून आलेले मत्स्य खात्याचे साहेब काठावर जनरेटर लावून टीव्हीत डोळे घालून बसले होते. धरणाच्या तळाशी बायकांच्या सोसायटीने माशांना घर रचून दिलं होतं. जुने पाटे, उखळं, फुटके रांजण, ज्या घरातून जे निघेल ते. अक्कल लताबाईची. मक्तेदार गिरधरशेठ म्हणे, दगडांनी जाळी फाटतात, मासोळी एक नाही. आज मासे दिसले तर धरण सोसायटीकडे. नाहीतर दगड बाहेर आणि मक्ता शेठला.

लताबाईला दुसरीही धास्ती होती. ढीग बसेना म्हणून तिने घरच्या जात्याची वरची तळी, म्हणजे फिरता दगड, गुपचूप पाण्यात लोटली होती. घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद त्याच जात्यावर दळलेली. सासूला, भिकुबाईला, नातीच्या लग्नाची हळद दळायला कमलबाईच्या दारात जावं लागलं. जिच्याशी तिचा जन्माचा उभा दावा! तेव्हापासून म्हातारी चोराच्या सात पिढ्या उद्धरत होती. आणि चोर रोज तिलाच भाकरी वाढत होता.

टीव्हीत हिरवा गढूळपणा. मग दगड. मग नुसते दगडच.

"बघा, मी काय सांगत होतो!" शेठ हसला.

यंत्र वळलं. दिवा ढिगाच्या पोटात शिरला. लोखंडी पट्टी मारलेली एक तळी दिसली. तिच्या तोंडातून मिशाळ मासोळी डोकावली, आणि मागच्या आडोशातून रोहू-कटल्यांचा थवाच्या थवा उसळला. पडदा चांदीचा झाला. साहेबांची मोजणी चुकली. बायकांनी आरोळी ठोकली.

बायकांत बसलेली भिकुबाई मात्र पट्टीकडे बघत होती. ती तिनेच लोहाराकडून ठोकून घेतलेली.

"हाई ते मन्हं जातं शे!"

लताबाईची मान खाली गेली. शेठ लगबगीने पुढे झाला.

"अक्का, चोरीला गेलेलं तेच ना? मग सांगा की साहेबांना, ढीग उपसा म्हणून!"

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चोरीनं कसानं रे? मन्ही सूननी ठेयेल शे ते." मग ती लताबाईवर खेकसली, "आनि तू काय देखी ऱ्हायनी? जाय, घरनी खालनी तळी बी लई ये, टाक पानीमा. हळद दळाले कमलबाईनं दार शे ना!"