घास अडकतो का?

उमाजीनं भाताचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर असा आपटला की झाकण उडून खाली गडगडलं.

"खाऊन दाखीव गं यास्नी!" तो बायकोवर ओरडला. "बघू देत, यांच्या आपरेशननं काय दिवं लावल्यात ते!"

गुंद गावाहून पहिल्या गाडीनं दोघं बेळगावला आलेले. केशरच्या अंगावर नुसती हाडं राहिली होती. त्र्याण्णवच्या पावसाळ्याआधी ह्याच डॉक्टरांनी तिचं ऑपरेशन केलं. पोटातलं आंबट वर यायचं, छाती जळायची, आडवं म्हणून होता यायचं नाही. डॉक्टरांनी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घातले. जळजळ गेली. पण आता पेजसुद्धा खाली उतरेना. बाई उपाशी मरायला टेकली आणि डॉक्टर म्हणतात, होईल हळूहळू! राग येणार नाही तर काय होणार?

केशरनं एक घास घेतला. चावला, गिळला. छातीवर हात दाबला, वर पाणी प्याली. डोळे भरून आले. मग पदर तोंडाला लावून ती बेसिनकडे धावली आणि सगळं उलटून पडलं. उमाजी बघतच राहिला.

"बघितलासा? चांगली चालतीबोलती बायकू दिली हुती तुमच्या हातात! जनावरांचा डाक्टर बरा की वो तुमच्यापरास!"

डॉक्टरही भडकले. "आवाज खाली! काहींच्या अन्ननलिकेत मुळातच जोर नसतो. घास पुढं ढकलला जात नाही. अशांना पूर्ण वेढा घालायचा नसतो, अर्धाच घालतात. म्हणून तर आधी इथंच विचारलं होतं, घास अडकतो का? तुम्ही काय म्हणालात?"

"न्हाई म्हनलो! अडकतच न्हवता, तर काय सांगू?"

आता बघा. प्रश्न बायकोच्या गळ्याचा, उत्तर नवऱ्याचं, आणि एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं ते खरं धरून सुरी चालवली. ती तिथंच बसली होती, मुकी नव्हती. तिच्याकडे मान वळवायला काय पैसे पडत होते?

ती मान डॉक्टरांनी आत्ता वळवली. "बाई, तुम्ही सांगा. आधीपासून अडकायचा का?"

"न्हाई म्हनून सांगतोय न्हवं—"

"तुम्ही गप्प बसा हो!"

केशर बेसिनला धरून उभी होती. "अडकायचा," ती म्हणाली. "थोरल्याच्या बाळंतपणापासनं. दर घासाला पानी लागायचं. भात गार व्हायचा, तरी ताट सपायचं न्हाई."

"मग त्या दिशी का बोलली न्हाईस?" उमाजीचा आवाज फाटला.

"माझ्या आदी तुमीच बोललासा."

"आनि मला कसं कवा दिसलं न्हाई? एका घरात ऱ्हातोय की आपन!"

केशरनं तोंड पुसलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या डोळ्यात डोळा घातला.

"तुमी जेवून उठल्याबिगार माझं ताट कवा वाढलंय? मला जेवताना तुमी आजच पैल्यांदा बघितलासा."