हलायचं नाही

नाटकातल्या राणीचा मुखवटा करायचा म्हणून दादाने घरातल्याच बहिणीला खुर्चीत बसवलं. हौशी माणूस, पण काम नेटकं. तिच्या चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडलं, नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या आणि मिटलेल्या डोळ्यांवरून, ओठांवरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या बसवल्या.

"आता वीस मिनिटं हूं की चूं नाही. गाल जरा हलला तरी साचा वाया."

मग स्टूल ओढून तो तिच्यासमोर बसला.

"चिमे, त्या मास्तराने तुला नकार दिलाच नव्हता. होकाराचं पत्र आलं होतं. मीच फाडलं. तू सासरी गेली असतीस तर आईचं अंथरुणातलं कोणी केलं असतं? बावीस वर्षं मनात डाचत होतं बघ. आज कुठे हलकं वाटतंय."

चिमीने आजवर दादाचं कुठलंच काम बिघडवलं नव्हतं. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले, पण गाल हलू दिला नाही.

वेळ झाल्यावर दादाने साचा अलगद सोडवला आणि उजेडात धरला. आतल्या बाजूला, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, दोन बारीक चर उमटले होते.

"झकास आलाय," तो म्हणाला. "एवढे दोन चर बुजवले, की कुणाला कळायचंही नाही."