अत्यावश्यक व्यक्ती

‘समजा, मी उद्यापासून आलेच नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘मग?’

लॉन्ड्रीच्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, संगणकावरची नजर काढली नाही. ‘असं कसं येणार नाहीस?’

‘मी नाही म्हणत. वेबसाइट म्हणतेय. खाली वाचा.’

फ्लूची मोठी साथ आलीच तर छोट्या व्यवसायांनी तग कसा धरायचा, हे शिकवणारी ती सरकारी वेबसाइट होती. रुग्णालयानं लॉन्ड्रीला स्पष्टच कळवलं होतं की साथीत सगळ्यात जास्त लागतात त्या चादरी. ज्याची तयारी नसेल त्याच्याशी पुढचा करार नाही. आणि मालकांचा सगळा डोलारा त्या चादरींवर उभा होता. त्या गेल्या की बॉयलर थंड, गाडी दारात उभी आणि इस्त्रीवाले काका घरी.

म्हणून मालक नाक मुठीत धरून बसले होते. साथबिथ काही येत नाही, आणि आलीच तर आपल्या वाफेत कुठला जंतू टिकणार, असं त्यांचं ठाम मत. पण उत्तर दिल्याशिवाय वेबसाइट पुढचं पान उघडत नव्हती.

‘तुमच्या व्यवसायातील अत्यावश्यक व्यक्ती कोण? ती आली नाही तर काय थांबेल?’

मालकांनी स्वतःचं नाव टाकलं. मग आपण आलो नाही तर नेमकं काय थांबेल, याचा विचार करत बसले. चहा निवला तरी काही सुचेना. शेवटी त्यांनी इस्त्रीवाल्या काकांना हाक मारली.

‘तुम्ही तापानं पडला होतात तेव्हा कुठं काय थांबलं?’ काका म्हणाले. ‘वहिनी एक दिवस बँकेत अडकल्या, तर बाळंतिणींच्या चादरी ऑपरेशन थिएटरात गेल्या.’

मालकांनी निमूटपणे आपलं नाव खोडून बायकोचं टाकलं.

वहिनींनी ते वाकून वाचलं. ‘लग्न झाल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘आणि म्हटलं कोणी, तर वेबसाइटनं.’

मालक हसले. त्यांना तो विनोद वाटला. शिवाय ते खरंही नव्हतं. वहिनींनी बहिणीकडे जायचं नाव काढलं की मालकच म्हणायचे, ‘तुझ्यावाचून इथलं पान हलत नाही.’ बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळीही म्हणाले होते, आणि अगदी कौतुकानं. एरवी मात्र ते वाक्य त्यांना आठवत नसे.

वेबसाइटचं म्हणणं, अत्यावश्यक माणसाला बदली माणूस हवाच. वहिनींनी मालकांची शिकवणी सुरू केली.

रक्ताचे डाग आधी थंड पाण्यात; गरमात ते कायमचे बसतात. मोठ्या मशीनचं दार गुडघा मारल्याशिवाय लागत नाही. रुग्णालयाच्या स्टोअरमधल्या बाई तक्रार घेऊन आल्या की आधी त्यांच्या सुनेची चौकशी करायची, मग तक्रार आपोआप लहान होते.

‘हे सगळं तू करत होतीस?’

‘कुणीतरी करतच होतं ना.’

मालकांना मजा यायला लागली. त्यांच्या हातची पहिली चादर पांढरीशुभ्र निघाली, तेव्हा ते ती घेऊन सगळीकडे मिरवून आले. मग शिकवणीची गाडी घरकामाकडे वळली. गॅस, दूध, रक्तदाबाच्या गोळ्या. जन्म लॉन्ड्रीत गेलेल्या माणसाला घरचं वॉशिंग मशीन लावता येत नव्हतं, यावर काका दिवसभर हसले.

‘हेही वेबसाइटवर आहे?’ मालकांनी विचारलं.

‘घरच्या तयारीचं वेगळं पान आहे. तुम्ही उघडलंच नाहीत.’

वहिनी स्वतःही कसून तयारीला लागल्या. चष्म्याचा नंबर तपासून आणला. माळ्यावरची मोठी बॅग काढून धुतली. शिलाई मशीन बहिणीकडे पाठवलं. साथ आली तर मास्क शिवायला तिच्याकडे काहीच नाही म्हणाल्या. एकदा मनावर घेतलं की ही बाई काही कच्चं सोडत नाही, याचा मालकांना अभिमान वाटला.

शेवटचं पान सरावाचं होतं. अत्यावश्यक व्यक्तीला आठवडाभर कामापासून दूर ठेवा. तिला फोन करू नका. आजारी माणूस फोन उचलत नाही.

वहिनी बहिणीकडे निघाल्या. बॅग उचलताना मालकांच्या खांद्याला रग लागली. ‘आठवड्यासाठी एवढं?’

‘आजारी माणसाला काय लागेल, सांगता येतं का?’ दारातून त्या वळल्या. ‘गुडघा मारायला विसरू नका.’

सुरुवातीला तारांबळ उडाली. मालकांचा हात फोनकडे जायचा आणि परत यायचा. मग हळूहळू घडी बसली. स्टोअरच्या बाई तणतणत आल्या आणि सुनेविषयी बोलून हसत गेल्या. आठवड्याच्या शेवटी रुग्णालयाचे साहेब येऊन सगळं पाहून गेले आणि जाताना म्हणाले, ‘करार पक्का समजा.’

मालकांचा ऊर भरून आला. पण घरी हे सांगायला कुणी नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं. रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी ठरवलं, आता ती आली की तिला रोज लवकर घरी पाठवायचं. बहिणीकडेही जाऊ द्यायचं, हवं तेव्हा. मग त्यांनी फोन लावला.

‘जमलं गं. करार मिळाला. एक चादर इकडची तिकडे नाही. तू नाहीस हे कुणाला कळलंसुद्धा नाही.’

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज चालू होता. तो थांबला.

‘खरंच?’

‘काकांना विचार. तुझ्यावाचून पान हललं बघ.’

‘बरं झालं,’ वहिनी म्हणाल्या. आवाजात खरंच समाधान होतं. ‘मला तेवढीच काळजी होती.’

‘मग उद्या गाडी पाठवतो. सराव संपला.’

‘गाडी नका पाठवू,’ वहिनी म्हणाल्या. ‘सराव तुमचा होता, अहो. माझा नव्हता.’