घट्ट धरलेला फोन

चाचणीसाठी गच्चीवर बसवलेला नवा अँटेना मैदानात उभ्या चौघांच्या हातातल्या फोनांकडे आळीपाळीने वळत होता. तीन फोन लगेच उत्तर द्यायचे. चौथ्या, बाबांच्या फोनची पाळी आली की आसावरीच्या लॅपटॉपवर नुसती शांतता.

"माणूस कमी पडला म्हणून बायपास झालेल्या बाबांना उन्हात उभं केलं कशाला मी!" ती धावत जिना उतरली.

बाबा पांढऱ्या फक्कीच्या खुणेवर ताठ उभे होते, फोन दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून.

"अहो बाबा, तुमच्या हातांनीच सिग्नल अडतोय!"

"महागाची वस्तू गं. पडली तर तुला बोलणी खावी लागतील."

तिने हसत त्यांची बोटं सैल केली. गच्चीवरून लॅपटॉप बघणाऱ्या सहकाऱ्याची आरोळी आली, "काका सापडले!"

मोकळ्या हाताने बाबांनी तिचा हात घट्ट धरला. "याने नाही ना अडत काही?"