काचेत शिरलेलं

"खिडकीतला पेला कुठंय?" नोगानं विचारलं, आणि विचारतानाच तिला मझलच्या हातातला चिमटा दिसला.

चहाच्या खोलीत मोठं पातेलं खदखदत होतं. वल्हांडणाला, ज्यूंच्या बेखमीर भाकरीच्या सणाला, दोन दिवस उरले होते. जेरुसलेमच्या घराघरातून पाव, बिअर, आंबलेलं म्हणून जे काही असेल ते हद्दपार होत होतं. रसायनशास्त्राच्या मजल्यावरचे पेले-चमचे उकळून शुद्ध करणं हे मझलचं काम. तीस वर्षांत तिनं ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

"तो होय? त्यात कुणाची तरी खडीसाखर होती. पेल्यासकट सोडली पाण्यात," मझल म्हणाली. "विरघळली मात्र नाही हं."

"किती वेळ?"

"चांगला वेळ. उकळलं की आत मुरलेलं सगळं बाहेर येतं, पोरी. माझ्या कामात कसर नसते."

नोगा स्टुलावर बसली. ती खडीसाखर नव्हती. त्या काचेच्या चार चकत्या होत्या. ही काच भट्टीतली नव्हे. दही लागावं तशी गारव्यात लागलेली, मग तीन महिने या खिडकीत हळूहळू सुकवलेली. तिच्या बारीक छिद्रांत नोगानं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कोंडलं होतं. पिंजऱ्यातल्या पाखरासारखं, दाणापाणी आत जाईल पण ते स्वतः बाहेर येणार नाही असं. ते जिवंत असेल तर चकतीवर टाकलेलं रंगहीन औषध पिवळं होणार होतं. 'सुट्टीआधी पिवळं दाखव, नाहीतर विषय बदल,' असं गिदोननं, तिच्या प्राध्यापकानं, बजावलं होतं. आणि साठ अंशांवरच विकर मरतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं.

गिदोन आलाच. त्यानं पातेल्यातल्या चकत्यांकडे डोकावून पाहिलं, मग नोगाकडे.

"आता काय, उकडलेल्या अंड्यातून पिल्लू काढणार?"

चारांतल्या दोन चकत्या तडकल्या होत्या. धड राहिलेली एक नोगानं उचलली, बशीत ठेवली, वर प्रयोगशाळेतून आणलेलं औषध टाकलं. आशा होती म्हणून नव्हे. हातांना काहीतरी हवं होतं म्हणून.

काही झालं नाही. गिदोन घड्याळ पाहू लागला.

मग चकतीच्या मधोमध, अगदी आतून, लिंबाच्या सालीइतकं फिकट काहीतरी उमटलं. ते पसरलं. कडेपर्यंत आलं. बशी पिवळीधमक झाली.

गिदोननं चष्मा काढून पुसला. "दुसरी," तो म्हणाला. दुसरीही पिवळी झाली. मग त्यानं स्वतः मोकळं विकर नळीत घेतलं, त्याच पातेल्यात धरलं, आणि औषध टाकलं. नळी पाण्यासारखी स्वच्छ राहिली. त्याच नळीत तडकलेली चकती टाकून पाहिली, तर तीसुद्धा पिवळी.

"मोकळं मेलं," तो म्हणाला. "कोंडलेलं जगलं. उकळत्या पाण्यात. नोगा, तू मला न तापवलेलं जिवंत आहे एवढंच दाखवणार होतीस ना? हे तर मी मागायलाही धजलो नसतो."

नोगा हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. तिनं मझलला मिठी मारली, ओल्या एप्रनसकट, चिमट्यासकट.

"सोड, भाजेल," मझल म्हणाली. "असं होतं तरी काय त्या काचेत?"

"बिअरच्या यीस्टमधून काढलेलं विकर."

मझलचा हात तिच्या पाठीवर थबकला. "यीस्टमधून."

"हो ना."

"आणि मी इतकं उकळूनही ते काचेतच राहिलं?"

"जिथल्या तिथं, मझल. कणभरही बाहेर आलं नाही."

मझलनं मिठी सोडवली. फडक्यावर उलटे घातलेले चाळीस पेले वाफाळत होते. तिनं एक उचलला आणि उजेडासमोर धरला.

"मग तीस वर्षं मी काय उकळत होते?"