लाल रंगाची बादली

"इथूनच येतंय," एनेइदा म्हणाली आणि म्हाताऱ्या तिबुर्सियोच्या संडासात तिनं लाल रंग कालवलेल्या पाण्याची बादली उपडी केली.

गल्लीच्या तळाशी पावसाच्या पाण्याचं गटार ओढ्याला मिळतं. तिथे नगरपालिकेतला तिचा सहकारी निकानोर पाणी लाल होतंय का यावर नजर ठेवून उभा होता. त्या गटाराला कुणीतरी चोरून संडासाचा पाइप जोडला होता. ओढ्यात खेळून एनेइदाची सहा वर्षांची नात, युलेइसी, हगवणीनं गेली होती. तिला पुरल्यापासून एनेइदा रोज एक-दोन घरं तपासत होती. आठ दिवसांत अकरा घरं झाली, पण पाणी काही लाल होईना.

"बाई, माझा शोषखड्डा परसात आहे. हवं तर उकरून बघा," तिबुर्सियो टोपी चुरगाळत म्हणाला.

"सगळे हेच सांगतात."

"अहो, तुमच्या नातीला मांडीवर खेळवलंय मी."

"तिचं नाव काढू नकोस!"

एनेइदाचं काम चोख. बादलीत आदल्या दिवशीचा रंग राहिला तर तपासणी खोटी ठरायची, म्हणून रोज संध्याकाळी घरी गेल्या गेल्या ती बादली आपल्या संडासात विसळून टाकायची. काल युलेइसीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची शेवटची संध्याकाळ होती, घर माणसांनी भरलेलं. म्हणून बादली आज सकाळी निघताना तिथेच विसळली. एनेइदाचं घर याच गल्लीत, चार दारं वर. तिथला संडास नवऱ्यानं, देव त्याला सुखात ठेवो, स्वतः बांधलेला. कितीही पाऊस कोसळो, वीस वर्षांत एकदा तुंबला असेल तर शपथ.

फोन वाजला.

"लाल! बाई, लालभडक!" निकानोर ओरडत होता.

आनंद होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही.

दुपारपर्यंत तिबुर्सियोच्या संडासात सिमेंट भरून झालं आणि दारावर नोटीस लागली. शेजारणी त्याच्या उंबऱ्यावर थुंकून गेल्या. म्हाताऱ्यानं गादी आणि दोन कोंबड्या हातगाडीवर घातल्या.

"मी नाही हो केलं," तो जाताना म्हणाला. एनेइदानं तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिनं युलेइसीच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. "सापडला गं बाळे," ती म्हणाली. काळजावरचा दगड तसूभर हलला नाही. मग सवयीनं तिनं बादली संडासात विसळली, पाणी सोडलं आणि पायरीवर येऊन बसली.

अर्ध्या तासानं परत निकानोरचा फोन.

"एरवी मी चारला घरी पळतो, पण आज म्हटलं, पाण्याचा नमुना घेऊनच जाऊ. बाई, सिमेंट पक्कं बसलंय. तरी पाणी पुन्हा लाल झालंय. आत्ता कुणाच्या घरी रंग ओतलात?"